फोड नको, काप हवेत

सिडको, नाशिक इथून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५२, अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक जुना घडीचा चाकू होता. रोज जेवण झालं की ते त्यानं पत्नीला पेरूचे, सफरचंदाचे पातळ काप करून द्यायचे. आई आता ७८ वर्षांच्या आहेत, दाढा उरलेल्या नाहीत, जाड फोड चावत नाही. बाबांमागे हे काम मुलाकडे आलं. चाकूचं काळपट पातं दोन्ही अंगांनी ओरखडलेलं दिसलं म्हणून त्यांनी तो दारावर आलेल्या धारवाल्याकडून चाकावर घासून घेतला. पातं चकचकीत झालं, कागद सरसर कापतो, पण सफरचंदाचा काप मध्येच तुटतो. मग त्यांनी साडेचार हजारांचा, भारी पोलादाचा काळा घडीचा चाकू मागवला. त्याच्या पात्याची पाठ साडेतीन मिलिमीटर जाड. त्यानं तर गाजर कापताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. वाचकांचा मुलगा म्हणतो, याहून भारी पोलादाचा घ्या. पत्नी म्हणतात, घरात सुऱ्या काय कमी आहेत का? आणि आई म्हणते, ‘राहू दे रे.’ वाचकांचे प्रश्न दोन: बाबांसारखे काप यायला कोणत्या पोलादाचा चाकू घेऊ? आणि बाबांचा चाकू मी बिघडवला का?

*

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्र वाचताना जाणवलं की तोच तुम्हाला जास्त टोचतो आहे. चाकू बिघडलेला नाही, बहुतेक नाहीच. ‘बहुतेक’ का म्हणते ते पुढे येईलच, त्यासाठी तुम्हाला पात्याचा रंग नीट पाहावा लागेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: पातं दोन्ही अंगांनी ओरखडलेलं होतं. तुम्हाला ती हेळसांड वाटली. मला त्यात दगडापाशी बसलेले तुमचे बाबा दिसले. पातं पाठीपासून धारेपर्यंत ओरखडतं ते कधी? दगडावर जवळजवळ आडवं निजवून घासलं तर. उभं धरून घासलं तर फक्त कडेची बारीक पट्टी चमकते, वरच्या अंगाला दगड लागतच नाही. बाबा अख्खं पातं दगडावर टेकवत होते. म्हणजे दर वेळी धारेबरोबर धारेच्या वरचं पोलादही थोडं थोडं उतरत होतं, आणि चाकू कितीही झिजला तरी पातळचा पातळ राहत होता. एरवी उलटं होतं. पातं ही पाचर आहे. नुसती कड घासत गेलं की धार पाचरीत वर वर सरकते, जाड पोलादात शिरते, आणि दहा वर्षांनी तोच चाकू पहिल्यासारखा कापत नाही. लोक म्हणतात, ‘याचं पाणी गेलं.’ पाणी, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा, शाबूत असतं, जाडी वाढलेली असते.

तुम्ही तपासणीत काम करता, तेव्हा तुमच्या बेंचवरच्या भाषेत सांगते. चाकावर पाचरीच्या टोकाशी एक छोटा, उभट चॅम्फर, म्हणजे कडेची तिरकी छाट, मारला गेला. चॅम्फर धारदार आहे यात शंका नाही, म्हणून तर कागद कापतो. पण कागद असतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. चॅम्फरच्या वर पोलाद किती जाड आहे हे कागदाला कळायचं कारणच नाही. सफरचंदाला मात्र कळतं, कारण पातं आत शिरलं की त्याची सगळी जाडी सफरचंदाला दोन्ही बाजूंनी बाजूला सारावी लागते. गर कडक असेल तर तो सरत नाही, धार पोचायच्या आधीच पुढे तडकतो. तुमचा काप मध्येच तुटतो तो असा. धारवाल्यांना यात दोष देऊ नका. त्यांच्याकडे दिवसभर विळ्या, कोयते, कात्र्या येतात; त्यांना उभट आणि दणकट धारच लागते, हात त्याच सवयीनं चालतो. पातळ पात्याचा चाकू देताना ‘आडवा घासा, चाकावर नको’ एवढं सांगायला हवं, आणि ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नसतं.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेतच. जाड पातं फोडतं, त्याची होते फोड. पातळ पातं कापतं, त्याचा येतो काप. आईंना हवे आहेत काप, आणि तुम्ही जो काळा चाकू आणलात तो फोडी करायचं हत्यार आहे.

आता पोलादाचं. तुमच्या प्रश्नात, आणि मुलाच्या सल्ल्यातही, एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पोलाद जितकं भारी तितका काप चांगला. दुकानदारही हेच सांगतात, जाहिरातीत पोलादाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि जाडी कुठेतरी कोपऱ्यात. पोलादाचं काम वेगळं आहे. धार किती दिवस टिकेल, गंज चढेल का, आणि कड किती पातळ केली तरी वाकणार किंवा तुटणार नाही, हे पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी ठरवतं. काप कसा येईल हे ठरतं आकारावर. साध्या पोलादाचं पातळ पातं महागड्या पोलादाच्या जाड पात्यापेक्षा पहिल्या दिवसापासून चांगलं कापेल. महागडं पोलाद फक्त आपलं वाईट कापणं जास्त दिवस टिकवेल.

दाढीचं दुधारी पातं घ्या. जाडी ०.१ मिलिमीटर, किंमत किरकोळ. त्यानं गाजराची पारदर्शक चकती निघते. पातळ पात्याचं हे महत्त्व आमच्या निफाडकडे द्राक्षाच्या बागेत मी लहानपणापासून पाहिलं आहे. नवी बाग लावताना आधी डॉगरिज जातीच्या द्राक्षाचे खुंट वाढवायचे आणि पावसाळा सरता सरता त्यांच्यावर कलम भरायचं. कलम करणारा माणूस डोळकाडीच्या बुडाला दोन्हीकडून छाट देऊन पाचर करतो, तीही एका ओढीत. छाट आरशासारखी गुळगुळीत हवी, तरच खुंटाची चीर आणि काडी एकमेकांना चिकटून बसतात. जाड पात्यानं तीच काडी चिरडते, सालीची कड दबते, आणि मग कलम फुटत नाही. तिथं पोलादाचं नाव कुणी विचारत नाही. पातं किती पातळ आहे आणि आज सकाळी दगडावर फिरवलं होतं का, एवढंच विचारतात.

तुमचा चाकू बोथट आहे की जाड, हे घरच्या घरी कळतं. एक पिकलेला टोमॅटो आणि एक जाड बुंध्याचं गाजर घ्या. टोमॅटोच्या सालीवर पातं न दाबता नुसतं ओढा. साल दबली, घसरली, तर धार गेली आहे. दगड पुरेसा आहे. आता गाजराच्या जाड भागात पातं उतरवा. आवाज न होता खालपर्यंत गेलं तर पातं पातळ आहे. अर्ध्यात जाऊन ‘कट्ट’ झालं आणि चकती उडाली, तर धार कितीही चांगली असो, जाडी नडते आहे. तुमच्या दोन्ही चाकूंनी टोमॅटो नीट कापला जाईल आणि गाजर तडकेल, हे मी इथे बसून सांगते. बहुतेक लोक अशा वेळी पुन्हा पुन्हा धार लावत बसतात.

तपासणीत असल्यानं तुमच्याकडे वेर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असणारच, ही तर फार मोठी सोय. पाठीची जाडी मोजाच, पण खरा आकडा दुसराच आहे: धारेचा चॅम्फर जिथे संपतो त्याच्या लगेच वर पोलाद किती जाड आहे? मुठीजवळ, मधे आणि टोकाकडे अशा तीन ठिकाणी मोजा, जबडे अलगद टेकवा, धारेवरून ओढू नका. माझा ठोकताळा असा आहे: स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीत हा आकडा ०.२ ते ०.४ मिलिमीटर येतो. खिशातल्या चाकूत ०.३ ते ०.५ आला तर फळांसाठी उत्तम. ०.७ च्या पुढे गेला की फोडी सुरू. तुमच्या काळ्या चाकूचा आकडा तिथलाच कुठेतरी असेल.

पाठीची जाडी एकटी फसवते, कारण उतार कुठून सुरू होतो त्यावर सगळं अवलंबून आहे. थोडं गणित करून पाहा. पाठ ३ मिलिमीटर, पातं २० मिलिमीटर रुंद आणि उतार थेट पाठीपासून धारेपर्यंत सरळ आला असेल, तर पाचरीचा कोन साधारण साडेआठ अंश. तेवढंच जाड आणि तेवढंच रुंद पातं, पण उतार अर्ध्यातून, म्हणजे १० मिलिमीटरवरून सुरू केला, तर कोन १७ अंश. दुप्पट! आणि पाठ १.७, रुंदी १८, उतार पाठीपासून, तर कोन साडेपाच अंशांच्या आत. बाबांचा चाकू या शेवटच्या जातीचा असणार. म्हणून चाकू घेताना पातं टोकाकडून डोळ्यांसमोर धरा, उजेडाकडे तोंड करून. उतार पाठीपासून सुरू होतो की पात्याच्या मध्यावर एक आडवी रेघ दिसते आणि तिथून सुरू होतो? मध्यावर रेघ असलेली पाती दिसायला रुबाबदार असतात, फोटोत फार छान येतात, आणि सफरचंदात अडकतात. आणखी एक प्रकार असतो, उताराला आतून खोलगट घासलेला. तो धारेजवळ खूप पातळ असतो, त्यामुळे पेरूचं साल, लिंबू, दोरी झकास. पण खोल कापायला गेलं की वरचा खांदा गरात रुततो. आईंसाठी पाठीपासून सरळ उतरणारंच पातं घ्या.

पण खरेदीच्या आधी तुमच्या पत्नींचं म्हणणं गांभीर्यानं घ्या. घरात प्लास्टिकच्या मुठीची एखादी साधी छोटी सुरी असेल, पाठ जेमतेम मिलिमीटरभर. तिला आज रात्री चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर का होईना, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा हलक्या हातानं ओढून घ्या आणि सफरचंद कापून पाहा. साडेचार हजारांच्या चाकूपेक्षा ती चांगले काप काढेल. आईंचे काप चाकूच्या शोधापायी आणखी महिनाभर अडकून पडायला नकोत. ‘राहू दे रे’ हे शब्द त्यांनी तुमची धडपड पाहून काढले असतील. त्यांना पेरू नको झालाय असं त्यातून धरून चालू नका. काप पुढे ठेवा, मग त्या काय म्हणतात ते बघा.

तरीही घडीचा चाकू हवा, हे मला कळतं. तो खिशातून निघतो, जेवणाच्या पाटाशी उघडतो, पुसून परत मिटतो. त्या सगळ्यात बाबा आहेत. तेव्हा त्याचं सांगते.

पहिली निवड बाबांचाच चाकू. आधी धारेचा रंग बघा. पोलादाला पाणी देऊन झाल्यावर त्याचा ठिसूळपणा काढायला त्याला पुन्हा बेताची आंच देतात, साध्या कार्बन पोलादाला साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. कोरड्या चाकावर पातळ कड बघता बघता त्याच्या वर जाते. ३०० अंशांच्या जवळ गेली की ती निळी पडते, आणि तेवढं पोलाद मऊ झालं असं समजायचं. धारेच्या कडेला, विशेषतः टोकाकडे, निळी किंवा जांभळी छटा दिसते का? पॉलिशनं ती पुसलीही गेली असेल, म्हणून दुसरी खूण सांगते: धार लावल्यावर दोन-तीन दिवसांतच कड दुमडून बोथट होत असेल, तर तिथं आंच लागली आहे. तशी असली तरी घाबरू नका. ती बहुधा कडेची बारीक पट्टीच असते, हातानं दगडावर घासून मागे गेलं की खालचं चांगलं पोलाद लागतं. बाबांचा चाकू अर्धा-एक मिलिमीटर अरुंद होईल, एवढंच.

मग पातळ करायचं काम. दोन बाजूंचा साधा धारेचा दगड घ्या, एक बाजू भरड, एक बारीक. आणि जमलं तर हजार नंबरचा एक वेगळा. दगड ओला करा, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकणार नाही. पातं आडवं निजवा, पाठ दगडापासून मिलिमीटरभर उचललेली. भरड बाजूवर दोन्ही अंगांना सारख्या फेऱ्या द्या, मोजून. एका बाजूला चाळीस झाल्या तर दुसऱ्या बाजूलाही चाळीस. कुठे घासलं जातंय हे कळायला आधी उतारावर मार्कर पेनानं काळं करून घ्या. शाई जिथून गेली तिथे दगड लागला. चाकवाल्याचा चॅम्फर हळूहळू अरुंद होताना दिसेल. एका बैठकीत होणार नाही, घाई करू नका, दर थोड्या वेळानं वेर्नियर लावा. आकडा ०.४ च्या खाली आला की थांबा. आता बारीक दगडावर पाठ तीन ते साडेचार मिलिमीटर उचलून, म्हणजे साधारण १० ते १५ अंशांनी, दोन्हीकडून हलकी धार. कडेला बर, म्हणजे धातूची बारीक कोर, येईल, ती नखाला जाणवते; ती तुमच्या कारखान्यातल्यासारखीच काढायची, आलटून पालटून एकेक हलकी फेरी, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धारेच्या उलट दिशेनं ओढून. पातं परत ओरखडेल. ओरखडू द्या.

हे काम करताना मुलाला शेजारी बसवा असं मला वाटतं. भारी पोलाद घ्या म्हणणाऱ्या मुलाला एका संध्याकाळी हातात दगड दिला, की पुढच्या वेळी तो चाकू बघताना आधी जाडी बघेल.

नवा घ्यायचाच असेल, किंवा बाबांचा चाकू जपून ठेवायचा असेल, तर दोन जाती मी नाव घेऊन सांगू शकते. फ्रान्सच्या सावोआ भागातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेलनं तो १८९० च्या सुमाराला शेतकरी-मजुरांसाठी बनवायला घेतला, आणि आजही त्याचा घाट जवळपास तोच आहे: लाकडी मूठ, पाठीपासून उतरलेलं पातळ पातं, आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरवायची एक कडी, जिनं पातं उघडं पक्कं राहतं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठ दोन मिलिमीटरच्या आत. तुम्हाला हवे तसे काप यातून येतात. एक अडचण आपल्याकडची आहे. मूठ बीच लाकडाची. पावसाळ्यात, त्र्यंबक-इगतपुरीच्या हवेत तर नक्कीच, ती फुगते आणि पातं आत अडकून बसतं. तेव्हा मुठीचं बूड पाटावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं, मग नखानं धरून काढायचं. तिकडचे लोकही तेच करतात. धुतल्यावर ओल्या मुठीनं मिटू नका.

दुसरा, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स, लाल मुठीचा, सगळ्यांनी पाहिलेला. मोठं पातं दोन-अडीच मिलिमीटरचं, पाठीपासून उतरतं, आणि स्टेनलेस. पोलाद फार कडक नाही, कडकपणाच्या रॉकवेल मापात ५६ च्या आसपास, त्यामुळे धार लवकर जाते पण तितक्याच लवकर परत येते. कपाच्या बुडावरही येते. घरच्या वापराला मला हा गुण वाटतो. बहुतेक मॉडेलना पातं अडकवायची कडी नसते, तेव्हा टोकानं भोसकायचं किंवा उलटं दाबायचं काम त्यानं करू नये, पातं बोटांवर मिटतं.

भांडी बाजारात किंवा मेन रोडवर एखाद्या जुन्या दुकानात पितळी नाहीतर लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकूही मिळून जाईल. वेर्नियर खिशात घालून जा. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खुळखुळ असेल तर सोडा. पातं मिटल्यावर मुठीच्या मध्यावर पडायला हवं, एका बाजूला घासता कामा नये. बटण दाबलं की फटकन उघडणारे चाकू मात्र घेऊ नका, स्वस्त असले तरी. फळाला त्याचा काही उपयोग नाही आणि पोलिसांना ते नको ते वाटतं.

कार्बन पोलाद की स्टेनलेस? बाबांचं पातं काळपट होतं असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे ते कार्बनचं. कैरी, लिंबू, कांदा लागला की ते काळं पडतं. तो काळा थर गंज नव्हे, पोलादाचं थोडंफार रक्षणच करतो. तांबूस दिसला तर मात्र गंज, लगेच घासून काढा. कार्बनला धार झटपट आणि फार बारीक लागते, पण कापल्या कापल्या पुसावं लागतं. सिंकमध्ये रात्रभर पडून राहिलं तर सकाळी डाग. ज्यांच्या घरी चाकू चार हातांत फिरतो त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं. तुमच्याकडे तो एकट्या तुमच्या हातात राहणार असेल तर कार्बन घ्या, ते जास्त समाधान देतं. हे माझं मत.

घडीच्या चाकूनं फळ कापायचं तर एक गोष्ट कुणी सांगत नाही: रस सांध्यात उतरतो. दोन दिवसांनी चाकू चिकट उघडतो, आणि उन्हाळ्यात खिशात मुंग्या येतात. कापून झालं की पातं उघडं ठेवून कोमट पाण्यात सांधा दोन-तीनदा हलवा, फडक्यानं पुसा, थोडा वेळ उघडाच ठेवा. तेल घालायचं तर शेंगदाण्याचं नको, ते काही दिवसांनी गोंदासारखं होतं. खोबरेल थंडीत गोठतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते थेंबभर पोटात गेलं तरी बाधत नाही. त्याचा एक थेंब सांध्यात पुरे.

पातळ पात्याच्या मर्यादाही ऐकून ठेवा. मी सातवीत असताना बागेतल्या कलमाच्या चाकूनं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला गेले आणि टोक टिचलं. वडील काही बोलले नाहीत, पण पुढचा आठवडाभर ते टोक दगडावर परत आणताना मी त्यांना पाहत होते. पातळ चाकूनं उचकटायचं नाही, पिळायचं नाही, नारळाच्या करवंटीला, हाडाला, आंब्याच्या कोयीला लावायचा नाही. त्या कामांना तुमचा काळा चाकू आहे. तो वाया गेलेला नाही. कारखान्यात खोक्यांच्या पट्ट्या, पॅकिंग, दोरखंड, त्याला चोख काम आहे. एकाच चाकूनं सगळं व्हावं हा हट्ट सोडलात की दोन्ही चाकू आपापल्या जागी उत्तम ठरतील.

खिशात घेऊन फिरण्याबद्दल थोडक्यात. शस्त्र नियमांचा परवाना ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना लागतो, आणि घरगुती किंवा शेतीकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. साडेतीन इंचांचा फळांचा चाकू त्यात येत नाही. तरी सण, मिरवणुका, निवडणुका अशा काळात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करतात, आणि बंदोबस्तावरच्या शिपायानं तुमच्या खिशातला चाकू बघून तुम्हाला थांबवलं तर त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. सिंहस्थाच्या गर्दीत तर नेऊच नका. एरवी डब्याच्या पिशवीत, फळासोबत, फडक्यात गुंडाळून ठेवा. ओझरहून विमानानं जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत.

आणि कापायची रीत. बाबा बहुतेक पेरू हातात धरून अंगठ्याकडे कापत असतील. ती पन्नास वर्षांची सवय होती. तुम्ही पहिले काही महिने लाकडी पाटावरच कापा. पेरूचा बुडाकडचा पातळ काप आधी काढून त्याला बसकं करा, म्हणजे घरंगळत नाही. पातं पाण्यात बुडवून घ्या, काप चिकटत नाहीत. दाबू नका, मुठीपासून टोकापर्यंत एकच लांब ओढ, हाताच्या वजनानं. बियांच्या गोळ्यापाशी थांबा, पेरू फिरवा, पुढचा काप घ्या. मधला गोळा राहील, तो तुम्ही खा, आईंना नको. बिया हिरड्यांना टोचतात. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर पेरू घेताना अर्धकच्चे न घेता देठाशी पिवळे झालेले घ्या. अर्धकच्च्याचे काप देखणे येतात, पण दाढा नसलेल्या माणसाला ते कितीही पातळ असले तरी कठीणच.

चाकवाल्याकडे तो चाकू आता परत नेऊ नका. दगड आणायच्या आधी तिन्ही ठिकाणचे आकडे आणि कडेचा रंग मला लिहून पाठवा. टोकाकडे निळा पट्टा दोन मिलिमीटरपेक्षा रुंद निघाला, तर घासायची रीत थोडी बदलावी लागेल. ती मी तुम्हाला वेगळी कळवीन.